पंखाखालची टाकी : 'किरण', घाटगे आणि लिटरांचा हिशेब

टी. नरसीपूर येथे कपिला कावेरीला मिळते. पावसाळ्यात संगमाच्या टोकाशी उभे राहिले, तर एक गोष्ट सहज दिसते. दोन्ही प्रवाह स्वतंत्रपणे संथ वाहत असतात, पण जेथे ते एकमेकांना भिडतात तेथे पाणी घुसळते आणि भोवरे उठतात. या घुसळणीत खर्च होणारी ऊर्जा प्रवाहातूनच येते. आजचा विषय आहे प्रशिक्षण विमानाच्या पंखाखाली टांगलेली इंधनाची टाकी. तिचा या दृश्याशी असलेला संबंध पुढे येईल.

निमित्त ताज्या घडामोडींचे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या 'एरो इंडिया' प्रदर्शनात 'एचजेटी-३६' या प्रशिक्षण विमानाचे 'यशस' असे नव्याने नामकरण झाले. या विमानाचे पहिले उड्डाण २००३ मध्ये झाले होते, आणि ज्याची जागा त्याने घ्यावयाची ते 'किरण' विमान सहा दशकांपूर्वीचे आहे. १ जून २०२३ रोजी येथून दक्षिणेस चामराजनगर जिल्ह्यात एक 'किरण' कोसळले. दोन्ही वैमानिक आसनासह बाहेर फेकले जाऊन बचावले. त्या दिवशी 'किरण' हे नाव बातम्यांत आले, पण ते कोणी घडविले याची आठवण क्वचितच कोणी केली.

'किरण'च्या आराखड्यामागचे प्रमुख नाव डॉ. विष्णू माधव घाटगे यांचे. त्यांचा जन्म १९०८ साली कोल्हापूरकडील गडहिंग्लज तालुक्यातील हसूर चंपू येथे झाला. मुंबईतील शिक्षणानंतर ते जर्मनीत गटिंगेन येथे गेले आणि लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळविली. प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिकीचे जनक. वाहत्या द्रवाचा किंवा वायूचा पृष्ठभागालगतचा पातळ थर, म्हणजे सीमास्तर, हाच रोधाचे मूळ आहे, हे त्यांनी १९०४ मध्ये दाखवून दिले. ती दृष्टी घेऊन घाटगे भारतात परतले.

डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या सहभागाने बंगळुरूत 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' हा कारखाना उभारला. बंगळुरू शहराला तेव्हा वीज मिळत होती ती शिवनसमुद्र येथून, म्हणजे नरसीपूरच्या संगमावरून पुढे गेलेल्या कावेरीच्याच पाण्यापासून. घाटगे या कारखान्यात आले. भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचे अध्यापन सुरू करणाऱ्यांतही ते होते. त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेले 'एचटी-२' हे दट्ट्याच्या इंजिनाचे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडाले. १९५९ मध्ये घानाचे नवे हवाई दल उभे करण्यास भारताने साहाय्य केले, तेव्हा हेच 'एचटी-२' तेथे गेले. स्वतः भारतीय हवाई दलाने १९३३ मध्ये चार 'वापिती' विमानांनिशी आरंभ केला होता. लहान हवाई दलाच्या अडचणी आपल्याला परक्या नव्हत्या.

पुढची पायरी होती जेट प्रशिक्षण विमानाची. ४ सप्टेंबर १९६४ रोजी 'किरण'ने पहिले उड्डाण केले. विद्यार्थी आणि शिक्षक शेजारी-शेजारी बसतील अशी रचना, मागे 'व्हायपर' जेट इंजिन, आणि पूर्ण भाराचे वजन चार टनांच्या आसपास. आतल्या टाक्यांत सुमारे १,१४० लिटर इंधन मावे. याखेरीज पंखांखाली दोन टाक्या टांगता येत. दोन्हींची मिळून क्षमता सुमारे ४५० लिटर.

या टाक्यांची गरज का पडली? त्या काळातील जेट इंजिने कमी उंचीवर फार इंधन पीत, आणि प्रशिक्षणाचा मोठा भाग कमी उंचीवरच चालतो : धावपट्टीभोवती फेऱ्या, उतरणे, पुन्हा उडणे. विद्यार्थ्याच्या दृष्टीने प्रत्येक लिटर म्हणजे आकाशातील काही सेकंदांचा धडा. एका तळावरून दुसऱ्या तळावर विमान न्यावयाचे तर मधे उतरण्याची सोय असेलच असे नाही. विमान मोठे केले की ते महाग होते आणि त्याला मोठे इंजिन लागते. त्यापेक्षा गरजेपुरती टाकी जोडावी आणि गरज संपली की काढावी, हा मार्ग स्वस्त पडतो.

हा उपाय युद्धाने शिकविला होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधून उडणारी लढाऊ विमाने बॉम्बफेकी विमानांना जर्मनीच्या आतपर्यंत सोबत करू शकत नसत. मार्च १९४४ मध्ये ती बर्लिनपर्यंत पोहोचू लागली, त्यात बाह्य टाक्यांचा वाटा फार मोठा होता. त्यांतील काही टाक्या तर दाबलेल्या, चिकटद्रव्य मुरविलेल्या कागदाच्या होत्या. एकाच उड्डाणापुरते इंधन धरून ठेवायचे आणि संपताच टाकी टाकून द्यायची, एवढ्यासाठी कागदही पुरेसा होता.

पण टाकीतले इंधन फुकट मिळत नाही. एक सोपा हिशेब करू. ४५० लिटरांमुळे 'किरण'चे इंधन जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढते. समजा, टाक्यांमुळे एकूण रोध १० टक्क्यांनी वाढला. मग पल्ला १.४ भागिले १.१, म्हणजे सुमारे १.२७ पट होईल. ४० टक्के इंधन दिले आणि २७ टक्के पल्ला मिळाला. उरलेले टाकी स्वतःच खाते.

हा जास्तीचा रोध तीन वाटांनी येतो. टाकीच्या स्वतःच्या पृष्ठभागावर सीमास्तर तयार होतो आणि तेथे घर्षण होते. वजन वाढल्याने पंखाला अधिक उत्थापन निर्माण करावे लागते आणि त्याबरोबर प्रवर्तित रोधही वाढतो. तिसरी वाट संगमासारखी आहे : पंखाखालचा प्रवाह आणि टाकीवरचा प्रवाह मधल्या चिंचोळ्या जागेत भिडतात, तेथे हवा घुसळते आणि व्यतिकरण रोध निर्माण होतो. म्हणून टाकी आणि पंख यांचे रोध वेगवेगळे मोजून केलेली बेरीज प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. पवनबोगद्यात दोन्ही एकत्र ठेवूनच मोजमाप घ्यावे लागते.

प्रशिक्षण विमानात याहून नाजूक प्रश्न समतोलाचा असतो. २२५ लिटर इंधनाचे वस्तुमान सुमारे १८० किलोग्रॅम. समजा, ते मध्यरेषेपासून अडीच मीटरवर टांगले आहे. एका बाजूची टाकी रिकामी झाली आणि दुसरीतून इंधन येईनासे झाले, तर सुमारे ४,४०० न्यूटन-मीटर इतके परिबल विमानाला एका अंगावर लोळवू पाहते. शिवाय जडत्व-परिबल अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वस्तुमान पंखांवर बाहेर नेले की विमान गिरकीत कसे शिरते आणि त्यातून कसे सावरते, दोन्ही बदलते. गिरकीतून सुटण्याचा धडा देणाऱ्या विमानासाठी ही किरकोळ बाब नव्हे. म्हणून टाक्या लावल्या असताना कोणत्या कसरती करायच्या, यावर मर्यादा घालाव्या लागतात.

टाकीच्या जागेचा आणखी एक अर्थ होता. 'किरण'च्या मार्क-१ए आवृत्तीत प्रत्येक पंखाखाली एक टांगणबिंदू होता. १९७६ मध्ये प्रथम उडालेल्या आणि अधिक शक्तीचे 'ऑर्फियस' इंजिन बसविलेल्या मार्क-२ मध्ये प्रत्येकी दोन होते. त्याच बिंदूवर टाकीऐवजी शस्त्रही टांगता येई. लहान हवाई दलांसाठी ही निवड कागदी नव्हती. १९७१ च्या उठावात सिलोनच्या हवाई दलाने आपली 'जेट प्रोव्होस्ट' प्रशिक्षण विमानेच जमिनीवरील हल्ल्यासाठी वापरली. अशा वेळी प्रत्येक टांगणबिंदूशी प्रश्न उभा राहतो : अधिक काळ हवेत राहायचे, की अधिक शस्त्रे न्यायची?

एका विमानाने शिकवावे, गरज पडल्यास लढावे, आणि ते देशातच घडावे. मर्यादित पैशांत या तिन्ही अपेक्षा पेलण्याचे काम घाटगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर होते. उत्तर परिपूर्ण नव्हते. पण त्या विमानावर भारतीय वैमानिकांच्या पिढ्या घडल्या, आणि त्याचा उत्तराधिकारी सेवेत येण्यास लागलेला काळ पाहिला, तर ते काम किती अवघड होते हे कळते.

विद्यार्थी मित्रांनो, बंगळुरूच्या एचएएल वारसा केंद्रात कधी गेलात, तर 'किरण'च्या पंखाखाली वाकून पाहा. वरचा हिशेब १० ऐवजी १५ आणि २० टक्के रोध धरून पुन्हा करा. रोध किती टक्के वाढला की टाकी लावणे व्यर्थ ठरेल, हे स्वतः काढा. गडहिंग्लजजवळच्या एका गावातून गटिंगेनला गेलेल्या माणसाने असेच आकडे मांडत आयुष्य काढले.