प्रतिकृतीतील शंटिंग इंजिन : रायपूरचे दोन गेज

रेल्वे इंजिनाची प्रतिकृती केवळ रंगसंगतीमुळे अस्सल ठरत नाही. तिची खरी कसोटी रुळांच्या रुंदीत असते. छत्तीसगडची राजधानी रायपूर येथे ब्रॉड गेज आणि नॅरो गेज हे दोन्ही मार्ग दीर्घकाळ नांदले. त्यामुळे हा मुद्दा या शहराच्या उदाहरणाने स्पष्ट होतो.

डबे व वाघिणी जोडणे, वेगळ्या करणे आणि योग्य मार्गिकेवर नेणे हे शंटिंग इंजिनाचे काम आहे. भारतीय वर्गीकरणात ‘डब्ल्यूडीएस’ या अक्षरांचा अर्थ अनुक्रमे ब्रॉड गेज, डिझेल आणि शंटिंग असा होतो. यांपैकी डब्ल्यूडीएस-6 हे वाराणसी येथे बांधलेले, सहा आसांचे व सुमारे 1400 अश्वशक्तीचे इंजिन सुपरिचित आहे.

प्रतिकृतीसाठी जगभर ‘एचओ’ म्हणजे 1:87 हे प्रमाण लोकप्रिय आहे. त्याचे रूळ 16.5 मिलिमीटर रुंद असतात. ही रुंदी युरोप-अमेरिकेतील 1435 मिलिमीटरच्या गेजशी जुळते. भारतीय ब्रॉड गेज मात्र 1676 मिलिमीटर आहे. या प्रमाणात रूळ 19.3 मिलिमीटर हवेत. तयार सांगाडा वापरल्यास चाके आत सरकतात आणि इंजिन अरुंद पायांवर उभे असल्यासारखे दिसते. अशा वेळी निदान दोन बफरमधील अंतर तरी अचूक ठेवावे. मूळ अंतर 1956 मिलिमीटर असल्याने प्रतिकृतीत ते 22.5 मिलिमीटर येते.

इतर तपशीलही महत्त्वाचे आहेत. पॉइंट्समनला उभे राहण्यासाठीच्या पायऱ्या, कठडे, रेडिएटरची जाळी आणि ब्रेकच्या नळ्या यांवरून इंजिनाचे काम ओळखू येते. भिलाई पोलाद कारखान्यात दल्ली-राजहरा येथून लोहखनिज येते. त्या यार्डातील इंजिन दाखवायचे असल्यास चाकांजवळ काजळीबरोबर तांबूस धुळीची छटा द्यावी.

नॅरो गेजचे गणित सोपे आहे. 762 मिलिमीटरचे रूळ 1:87 प्रमाणात 8.8 मिलिमीटर होतात आणि बाजारात 9 मिलिमीटरचे रूळ सहज मिळतात. त्यामुळे 1900 मध्ये सुरू झालेल्या रायपूर-धमतरी मार्गाची प्रतिकृती जवळजवळ अचूक साकारता येते. नागपूर-छत्तीसगड परिसरातील नॅरो गेजवर धावणारी झेडडीएम वर्गाची डिझेल इंजिने चित्तरंजन येथे बांधलेली होती. त्यांना दोन बफरऐवजी मध्यभागी एकच बफर-जोड असे.

गेज रूपांतरामुळे ही छोटी गाडी बंद झाली. मार्च 2025 मध्ये रायपूर-अभनपूर ब्रॉड गेज मेमू सेवेला प्रारंभ झाला. महाराष्ट्रात नॅरो गेजचा वारसा नागपूरच्या संग्रहालयात 2002 पासून जतन करण्यात आला आहे, तर पुण्यात 1998 मध्ये लघुरेल्वेचे जोशी संग्रहालय सुरू झाले. जुनी इंजिने सेवेतून जात असताना त्यांची प्रत्यक्ष मोजमापे व छायाचित्रे वेळीच नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. पुढील काळातील प्रतिकृतींची अचूकता या नोंदींवरच अवलंबून राहील.