काळी फिल्म आणि 'राखणे' हे क्रियापद

साबणाचं पाणी फवारून घरच्या घरी गाडीच्या काचेला फिल्म लावता येते. तिचा इतिहास लिहायचा झाला, तर '१९८९च्या नियमांनी काळ्या फिल्मवर बंदी घातली' हे ऐकीव वाक्य उतरवू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १००(२) काढून वाचा. त्यात फिल्म हा शब्दच नव्हता. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश यावा, काच तशीच 'राखावी', एवढंच.

सगळा वाद याच क्रियापदावर. फिल्मवाले म्हणत, टक्केवारी राखली की झालं. (तेही सोपं नाही हं: ७० टक्क्यांच्या काचेवर ७० टक्क्यांची फिल्म लावली की उरतात ४९!) सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी अविषेक गोयंका खटल्यात उलट वाचलं: काच कारखान्यातून आली तशीच राखायची, फिल्म कितीही टक्क्यांची असो, नको. म्हणजे बंदी नियमाच्या शब्दांत नव्हती, ती त्याच्या वाचनातून आली.

पुढे नियमाची भाषाच बदलली, आणि २०२४मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ती नवी भाषा वाचून ठरलेल्या टक्केवारीतल्या फिल्मला मुभा दिली. तेव्हा तळटीप देताना नियम कोणत्या सालचा वाचलात, तेही लिहा.