संवर्धित माशांतील गलगंड व आयोडीन

अवटू ग्रंथीची हॉर्मोने तयार होण्यास आयोडीन आवश्यक असते. बहुतेक अस्थिमत्स्यांत ही ग्रंथी सलग नसते. तिचे सूक्ष्म पुटक घशाच्या भागात अधर महारोहिणीभोवती विखुरलेले असतात. आयोडीन अपुरे पडल्यास या पुटकांची अतिवृद्धी होऊन गलगंड होतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील मत्स्यबीज केंद्रांत ट्राउट माशांच्या घशात गाठी आढळू लागल्या. एच्. आर्. गेलॉर्ड व एम्. सी. मार्श यांनी हा कर्करोग मानला आणि १९१४ मध्ये त्यावर विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. डी. मरीन व सी. एच्. लेनहार्ट यांनी मात्र पेनसिल्व्हेनियातील ब्रूक ट्राउट तपासून हा गलगंडच असल्याचे १९१०-११ मध्ये प्रतिपादन केले होते. पाण्यात अत्यल्प आयोडीन मिसळल्यास गाठी ओसरत. दोषाचे मूळ मुख्यतः कृत्रिम आहारात असल्याचे मरीन यांनी १९१४ मध्ये दाखविले. जनावरांचे यकृत व हृदय यांवर पोसलेल्या माशांना गलगंड होई. समुद्री मासे खाऊ घातल्यास तो टळे. निदानातील हा फरक महत्त्वाचा ठरला, कारण न्यूनता आहाराने भरून काढता येते. पुढे मरीन व ओ. पी. किंबल यांनी १९१७ पासून ॲक्रन (ओहायओ) येथील शाळकरी मुलींना सोडियम आयोडाइड दिले. ते घेणाऱ्या २,१९० मुलींपैकी ५ जणींची, तर न घेणाऱ्या २,३०५ पैकी ४९५ जणींची ग्रंथी वाढली.

माशांच्या डिंभावस्थेत या हॉर्मोनांचे कार्य अधिक मूलभूत असते. चपट्या माशांच्या रूपांतरणात एक डोळा डोक्याच्या दुसऱ्या बाजूस सरकतो. जपानमध्ये वाय्. इनुई व एस्. मिवा यांनी १९८५ मध्ये थायरॉक्सिन देऊन फ्लाउंडरच्या डिंभांचे रूपांतरण अकाली घडवून आणले. हॉर्मोननिर्मिती रोखणाऱ्या थायोयूरियामुळे ते थांबले.

समुद्रात डिंभांचे नैसर्गिक भक्ष्य असलेल्या कोपेपॉड प्राण्यांत आयोडीन विपुल असते. संवर्धनात सोयीसाठी दिल्या जाणाऱ्या रोटिफर व आर्टेमिया यांत ते फारच थोडे असते. पाणी पुन्हा पुन्हा वापरणाऱ्या टाक्यांत वाढविलेल्या सेनेगली सोलच्या डिंभांत त्यामुळे अवटू पुटकांची अतिवृद्धी आढळली. भक्ष्यात आयोडीन मिसळल्यावर ती टळली. तथापि केवळ आयोडीन पुरेसे नसते. थायरॉक्सिनाचे अधिक क्रियाशील रूपात परिवर्तन करणाऱ्या एंझाइमांना सिलिनियम लागते. शतकापूर्वीच्या ट्राउटप्रमाणे येथेही व्याधीचे मूळ बव्हंशी पालनकर्त्याने निवडलेल्या आहारातच असते.