बालपणीचा शेतीसंस्कार आणि कृषिक्षेत्रातील कार्य : अहमदनगर जिल्ह्यातील दोन उदाहरणांचा अभ्यास

प्रस्तावना :
कृषिशिक्षणाचा इतिहास लिहिताना विद्यापीठे, महाविद्यालये आणि संशोधन केंद्रे यांची नोंद आवर्जून घेतली जाते. शेतकऱ्याच्या घरातील मूल बांधावर, खळ्यावर आणि गोठ्यात जे शिकते त्याची नोंद मात्र क्वचितच होते. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात या दोन्ही परंपरा आढळतात. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे. आणि औपचारिक शिक्षण अत्यल्प असूनही शेतीक्षेत्रातील कार्यासाठी पद्मश्रीने गौरविल्या गेलेल्या दोन व्यक्तीही याच जिल्ह्यातील आहेत. बालपणीचा अनुभव आयुष्यभराच्या कार्यात केव्हा रूपांतरित होतो, याचा शोध प्रस्तुत लेखात या दोन उदाहरणांच्या आधारे घेण्यात आला आहे.

प्रवरेचा सखल पट्टा :
प्रवरा नदी अकोले तालुक्यातील रतनगडाच्या परिसरात उगम पावते. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि कालव्यांमुळे सखल भागात उसाची शेती वाढली. याच भागातील लोणी येथे शेतकरी कुटुंबात विठ्ठलराव विखे पाटील यांचा जन्म झाला. त्यांचे शिक्षण प्राथमिक शाळेपुढे गेले नाही. पीक हाती येऊनही सावकाराच्या कर्जातून शेतकरी मोकळा होत नाही, हे वास्तव ते लहानपणापासून पाहत होते. १९२३ मध्ये त्यांनी लोणीत सहकारी पतसंस्था उभारण्यात पुढाकार घेतला. पुढे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने प्रवरानगर येथे शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५० च्या सुमारास त्याचे गाळप सुरू झाले. १९६१ मध्ये विखे पाटील यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली.

प्रवरेचा डोंगरी पट्टा :
नदीच्या उगमाकडील अकोले तालुक्याचे चित्र वेगळे होते. पाऊस भरपूर, परंतु पाणी उतारावरून वाहून जाणारे, आणि शेती पावसाच्या भरवशावर. कोंभाळणे येथील राहीबाई सोमा पोपेरे यांचा जन्म १९६४ मध्ये महादेव कोळी समाजात झाला. त्यांना शाळेत जाता आले नाही. शेतीचे पाठ त्यांनी घरीच गिरवले. चांगली कणसे व शेंगा बियाण्यासाठी बाजूला काढणे, त्या उन्हात वाळवणे, बियाण्यास राख लावून ते मडक्यात साठवणे ही कामे या भागातील घरोघरच्या रीतीचाच भाग होती. संकरित बियाण्यांच्या प्रसारानंतर ही रीत मागे पडू लागली.

नातवाच्या आजारपणाने आपण रासायनिक शेतीच्या अन्नाविषयी विचार करू लागलो, असे राहीबाई सांगत आल्या आहेत. त्या वेळी बालपणीचे ज्ञान पुन्हा उपयोगास आले. वाल, घेवडा, भात आणि रानभाज्यांची गावठी बियाणी त्यांनी गोळा केली. बायफ या संस्थेच्या साहाय्याने घरीच बियाणे बँक उभी राहिली, परसबागांचा प्रसार झाला आणि कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समितीच्या माध्यमातून हे काम गावोगावी पोहोचले. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना ‘बीजमाता’ असे संबोधले. २०१८ मध्ये बीबीसीने त्यांचा समावेश जगातील शंभर प्रभावी स्त्रियांच्या यादीत केला आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

तुलनात्मक विवेचन :
एका उदाहरणात कर्ज व बाजारपेठ यांचा अनुभव होता, तर दुसऱ्यात बियाण्याचा. दोन्ही ठिकाणी तीन टप्पे समान दिसतात : बालपणी मिळालेले ज्ञान, प्रौढपणी आलेली निकड आणि त्या ज्ञानाची कदर करणारा अभ्यासक अथवा संस्था. पहिले दोन टप्पे हजारो शेतकरी कुटुंबांत घडत असतात. तिसरा मात्र विरळा. ‘शेतात वाढला म्हणून शेतीत मोठा झाला’ असे सरळ समीकरण म्हणूनच मांडता येत नाही. तसेच राहीबाईंना शाळा न मिळणे हा त्यांच्या यशाचा भाग नव्हे, तो त्यांच्यावर झालेला अन्यायच होय. त्याचे उदात्तीकरण करणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही.

निष्कर्ष :
महाराष्ट्रात कृषी पदवीच्या प्रवेशात सातबारा उताऱ्यास अधिभार देण्याची पद्धत रूढ आहे. परंतु सातबारा जमिनीची मालकी सांगतो, अनुभव नव्हे. शेतमजुराच्या मुलीने भातलावणीत व बियाणे निवडण्यात घालवलेली वर्षे त्या कागदावर उमटत नाहीत. विद्यार्थी वर्गात येतो तो शेतीविषयी कोरा येत नाही, हे अध्यापकाने ध्यानात घेतले आणि घरच्या ज्ञानाची नोंद, पडताळणी व चर्चा यांस अभ्यासक्रमात स्थान मिळाले, तर उपरोक्त तिसरा टप्पा योगायोगावर अवलंबून राहणार नाही. प्रवरेकाठच्या या दोन जीवनकार्यांचे शैक्षणिक महत्त्व यातच आहे.