चंदू सरवटे : होळकर संघाचा अष्टपैलू

इंदूरमध्ये ‘सरवटे’ म्हटले की रिक्षावाला सरळ बसस्थानकाकडे वळतो. ते नाव मात्र तात्या सरवटे, म्हणजे संविधान सभेचे सदस्य विनायक सीताराम सरवटे यांचे. आपल्या मुलांना निदान एवढे माहीत असते. क्रिकेटपटू चंदू सरवटे मात्र त्यांच्या कानावरूनही गेलेले नसतात, म्हणून ही नोंद.

चंद्रशेखर त्र्यंबक सरवटे यांचा जन्म 22 जुलै 1920 रोजी सागर येथे झाला. 1936-37 च्या हंगामात, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळू लागले आणि 1967-68 पर्यंत खेळत राहिले. उजव्या हाताने फलंदाजी आणि लेगब्रेक गोलंदाजी. मध्य प्रांत व वऱ्हाड, महाराष्ट्र, मुंबई असा प्रवास करून ते होळकर संघात आले आणि इंदूरचे झाले.

महाराजा यशवंतराव होळकरांच्या आश्रयाखालचा आणि कर्नल सी. के. नायडूंच्या हाताखालचा हा संघ 1944-45 पासूनच्या 11 हंगामांत 10 वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला व 4 वेळा जिंकला. नायडू बंधू आणि मुश्ताक अली यांची नावे सर्वांना पाठ असतात, पण त्याच संघात भांडारकर, जगदाळे, निंबाळकर, गायकवाड आणि सरवटे होते, हे आपल्या समाजाने विसरू नये. 1945-46 मध्ये इंदूरला म्हैसूरविरुद्ध होळकर संघाने 8 बाद 912 धावा केल्या. एकाच डावात सहा जणांची शतके झाली. त्यातले एक, 101 धावांचे, सरवटेंचे. त्याच सामन्यात त्यांनी 61 धावांत 9 गडी बाद केले. एका खेळाडूने एका सामन्यात आणखी काय करायचे?

जगभर मात्र त्यांचे नाव निघते ते 1946 च्या मे महिन्यातील ओव्हलच्या सामन्यामुळे. सरेविरुद्ध भारतीय संघ 9 बाद 205 असा अडकला होता. दहाव्या क्रमांकावरचे सरवटे खेळत होते, त्यांना अकराव्या क्रमांकाचे शुटे बॅनर्जी येऊन मिळाले. डाव आता आटोपणार असे धरून चाललेल्या सरेच्या गोलंदाजांना या जोडीने तीन तासांहून अधिक काळ राबवले आणि 249 धावांची भर घातली. बॅनर्जी 121, सरवटे नाबाद 124, संघ 454. इंग्लंडमधला शेवटच्या जोडीचा 1909 पासूनचा 235 धावांचा विक्रम मोडला. दहाव्या आणि अकराव्या फलंदाजांनी एकाच डावात शतके ठोकण्याचा असा प्रसंग क्रिकेटने पूर्वी पाहिलेला नव्हता. सामना भारतीयांनी 9 गडी राखून जिंकला.

कसोटीतला हिशेब मात्र तोट्याचा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. 9 कसोटींत 208 धावा, सरासरी 13, आणि बळी फक्त 3. 1947-48 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ते पाचही कसोटी खेळले. मेलबर्नला विनू मंकड यांच्याबरोबर सलामीला येऊन त्यांनी 124 धावांची भागीदारी केली. त्यात त्यांच्या वाट्याच्या 36. ओव्हलला दहावा आणि मेलबर्नला पहिला! अशा माणसाची जागा कुठली, हे निवडणाऱ्यांनाच कधी नीट ठरवता आले नाही, असे आम्हाला वाटते. रणजीत त्यांची जागा पक्की होती आणि तिथले आकडे वेगळेच बोलतात. 1950-51 मध्ये बंगालविरुद्ध 246 ही त्यांची सर्वोच्च खेळी. एकूण प्रथम दर्जाच्या 171 सामन्यांत 7,430 धावा, 14 शतके आणि 494 बळी. नुसत्या कसोटीच्या पानावरून त्यांना तोलणे म्हणजे चालू खाते पाहून मुदत ठेवी विसरणे.

त्या काळी क्रिकेटवर पोट भरत नसे. सरवटे व्यवसायाने बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते. बोटांनी चेंडू फिरवणाऱ्याला हे काम मिळावे, याची आम्हाला गंमत वाटते.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ते राष्ट्रीय निवड समितीवर होते. 1983 चा विश्वचषक जिंकणारा संघ निवडणाऱ्यांमध्ये त्यांचाही हात होता. 23 डिसेंबर 2003 रोजी इंदूर येथेच त्यांचे निधन झाले. होळकर संघाने 1952-53 मध्ये जिंकलेल्या शेवटच्या करंडकानंतर मध्य प्रदेशाला रणजी विजेतेपद मिळाले ते थेट 2022 च्या जूनमध्ये, मुंबईला हरवून.