वैजिणीपासून आशाताईपर्यंत



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानात संतवाङ्मयावर बोलावे, निदान शेजारच्या बांद्याच्या सोहिरोबानाथांवर तरी बोलावे, अशी अपेक्षा असते. चालकांनी विषयाचे स्वातंत्र्य दिले, त्याचा थोडा गैरफायदा घेऊन मी आज गावच्या आरोग्यसेविकेविषयी बोलणार आहे. मी डॉक्टर आहे तो पुस्तकांचा; नाडी मला कळत नाही. परंतु शब्दांचा इतिहास पाहण्याची सवय आयुष्यभर लागलेली आहे, आणि या एका बाईला आपल्या समाजाने आणि सरकारांनी गेल्या शंभर वर्षांत जितकी नावे दिली, तितकी क्वचितच कोणाला दिली असतील. या नावांच्या मागोमाग गेले की आरोग्यातील समता कोठपर्यंत पोहोचली आणि कोठे अडली, हे दिसू लागते.

आरंभ आपल्याच शब्दापासून करतो. आपल्याकडे सुईणीला वैजीण म्हणत. वैज म्हणजे वैद्य. त्याचे स्त्रीलिंग वैजीण. लोकभाषेने निरक्षर बाईला वैद्याचीच पदवी दिली होती, हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे कोणत्याही शासनाने तिला एवढा मोठा शब्द दिला नाही. माझा जन्म याच पेडणे महालात, पोर्तुगीज अमदानीच्या शेवटच्या दशकात झाला. माझ्या जन्माच्या नोंदीत आईवडिलांची नावे आहेत, साक्षीदारांची आहेत. ज्या हातांनी नाळ कापली त्या हातांचे नाव नाही. ती आमच्याच वाड्यावरची, परंतु आमच्या ओसरीवर न बसणारी होती. बाळंतपणाच्या रात्री मात्र ती थेट माजघरात जाई. बाराव्या दिवसानंतर पुन्हा अंगणात. तांदूळ, नारळ आणि एक लुगडे, एवढा तिचा हिशेब. वैजिणीचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नाही. तिच्या हातून बायका दगावल्याही, अर्भकांना धनुर्वात झालाही. निर्जंतुक पाते ही गोष्ट तिला कोणी सांगितलीच नव्हती. ज्यांनी सांगायला हवे होते ते दूर होते.

किती दूर, हेही पाहण्यासारखे आहे. पणजीला वैद्यकीय विद्यालय १८४२ साली स्थापन झाले, म्हणजे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्याही आधी. तेथून शिकून बाहेर पडलेले दोतोर मोझांबिक आणि अंगोलापर्यंत गेले. पेडण्यासारख्या नव्या काबिजादींतल्या महालात, जो पोर्तुगीजांकडे अठराव्या शतकाच्या अखेरीस आला, आजारी माणूस माचिलीत घालून नदीकाठी आणावा लागे. पलीकडे गेले की तेरेखोल, मग रेडी, खांडेकरांचे शिरोडे आणि पुढे वेंगुर्ल्याचे मिशनचे सेंट ल्यूक्स रुग्णालय. या रुग्णालयाचे डॉ. रॉबर्ट गोहीन यांचा वेंगुर्ल्यात जन्मलेला मुलगा पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि भारतातील अमेरिकेचा राजदूत झाला, ही जाता जाता सांगण्याजोगी गोष्ट. परंतु १५ ऑगस्ट १९५४ रोजी तेरेखोलच्या किल्ल्यावर सत्याग्रह झाला, पुढच्या वर्षी नाकेबंदी आली, आणि हा मार्गही आवळला गेला. राजकारणाने नदी रुंद केली असे आमच्या घरची वडीलधारी मंडळी म्हणत.

१९६१ नंतर गोव्यात रस्ते झाले, प्राथमिक आरोग्य केंद्रे झाली, परिचारिका आल्या, १९७५ नंतर अंगणवाड्याही आल्या. ही सर्व प्रगती आपल्या डोळ्यांसमोर झाली असल्याने तिचे वर्णन करीत बसत नाही.

याच काळात घाटावर एक वेगळा प्रयोग चालू होता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली अहमदनगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर) जामखेडला आले. तो दुष्काळी मुलूख. जन्मलेल्या हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. आरोळ्यांनी प्रथम जे केले ते आपण कोणीही केले असते : शिकलेल्या परिचारिका गावोगाव ठेवल्या. ते जमले नाही. एकट्या तरुण मुलीला परक्या गावात राहणे अवघड, आणि गावच्या बायका तिच्यापाशी मन मोकळे करीनात. तेव्हा गावातलीच एखादी जाणती बाई का घेत नाही, असा प्रश्न पुढे आला. मग गावांनी आपापल्या बायका निवडल्या. त्यांतील पुष्कळजणी निरक्षर होत्या, कितीएक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. आठवड्यातून त्यांनी जामखेडला यायचे, एकत्र राहायचे, एकत्र जेवायचे, शिकायचे आणि परत जायचे.

हे एकत्र जेवणे अभ्यासक्रमाबाहेरचे नव्हते, हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. जी बाई शेजारणीच्या हातचे पाणी पीत नाही, ती त्या शेजारणीच्या मुलाला ओआरएस कशी पाजणार? आरोळ्यांनी हातपंप खोदतानाही ते दलित वस्तीत खोदले जातील असे पाहिले. पाणी हवे तर बाकीच्या गावाने तेथे यावे. अतिसाराचे औषध आणि जातीचे औषध त्यांनी एकाच वेळी दिले. दोन-अडीच दशकांत तेथील बालमृत्यूचे प्रमाण तिशीच्या आत आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली काढलेल्या एका पुस्तकात जामखेडवर प्रकरण होते, आणि १९७८ साली आल्मा-आटा येथे 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा झाली तेव्हा ज्या थोड्या उदाहरणांकडे जग पाहत होते, त्यांत ते एक होते. १९८८ मध्ये जामखेडच्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या एका परिषदेत बोलल्या. सभागृहातील झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितले, की डॉक्टर या दिव्यांसारखे, सुंदर परंतु महाग आणि हाती न लागणारे. आम्ही पणत्या, आणि एका पणतीने दुसरी लावता येते. अलंकारशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. इतका नेमका दृष्टांत मला सुचला नसता.

जामखेड आणि चीनचे अनवाणी डॉक्टर यांच्याकडे पाहत दिल्लीनेही एक योजना आखली. जनता सरकारने २ ऑक्टोबर १९७७ रोजी ती सुरू केली : हजार लोकवस्तीमागे एक आरोग्यरक्षक, तीन महिन्यांचे शिक्षण, महिना ५० रुपये मानधन. कल्पना चांगली होती. निवड बिघडली. पन्नास रुपयांचे का होईना, सरकारी पद म्हटल्यावर ते बहुतेक ठिकाणी पुरुषांकडे आणि वजनदार मंडळींच्या नात्यागोत्यांत गेले. बाळंतिणीच्या खोलीचा उंबरठा ओलांडू न शकणारा माणूस आरोग्यरक्षक झाला. मग नावे बदलू लागली. 'कार्यकर्ता' म्हटले तर तो पगार मागेल म्हणून 'स्वयंसेवक' म्हटले, नंतर 'आरोग्य मार्गदर्शक' म्हटले. प्रत्येक नामांतरात त्याचा अधिकार थोडा थोडा कमी झाला, आणि अखेर योजनाच विझली. सरकार जेव्हा एखाद्या माणसाचे नाव पुनःपुन्हा बदलते, तेव्हा त्याला काय द्यायचे हे ठरलेले नसते, असा माझा तर्क आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून जे काम केले, त्यातील एकाच वस्तूविषयी थोडे विस्ताराने सांगतो. लहान मुलांना न्यूमोनिया झाला की नाही हे श्वासांच्या गतीवरून ओळखता येते. मिनिटाला किती श्वास, ते मोजायचे. परंतु गावच्या सुईणीला चाळीस-पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. आपल्यासारखे शिक्षक काय म्हणाले असते? आधी साक्षरतेचा वर्ग काढू. तोवर मुले मेली असती. बंगांनी लाकडी पट्टीवर वाळूचे घड्याळ आणि मण्यांची रांग बसवली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ठरलेला मणी सरकला, तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजणे तिला येतच होते. जे येते त्यावर उभे राहायचे, हे अध्यापनशास्त्र मला कोणत्याही बी.एड.च्या पुस्तकात इतके स्वच्छ सापडले नाही. पुढे १९९५ पासून ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. त्यांनी वजन केले, बाळाला उबेत ठेवले, जंतुसंसर्ग ओळखला आणि प्रसंगी इंजेक्शनही दिले. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आले होते. १९९९ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. अशिक्षित बायकांच्या हाती सुई देणे धोक्याचे, असा आक्षेप होता. सुई नसलेल्या गावांत काय होत होते, याचा हिशेब तोवर फारसा कोणी मांडला नव्हता.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्यासोबत 'आशा' हे नाव. इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून साधलेले असले तरी नाव गोड आहे. या वेळी जुनी चूक सुधारली : ती बाईच असावी आणि त्याच गावची असावी असे ठरले. आज देशात सुमारे दहा लाख आशा आहेत. गडचिरोलीचे नवजात बाळांचे शिक्षण २०११ पासून त्यांच्याकडे आले. करोनाच्या साथीत घरोघर फिरून ताप आणि प्राणवायूची पातळी मोजणाऱ्या त्याच होत्या, आणि २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. परंतु त्यांचा मोबदला कामागणिक : एवढ्या बाळंतिणी नेल्या, एवढी मुले टोचली, एवढे फॉर्म भरले. महाराष्ट्रातील आशांना २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३-२४ मध्ये संपावर जावे लागले.

येथे एका शब्दापाशी थांबतो. 'मानधन' हा समास आपण सहज वापरतो. व्याख्यात्याला मानधन देतात, कारण त्याचे पोट त्यावर नसते. आजचे माझे मानधन मी शाळेच्या ग्रंथालयाला परत करू शकतो. जिचे घर त्यावर चालते तिच्या मेहनतान्याला तोच शब्द लावला, म्हणजे धन थोडे दिले तरी मानाने भागते असे आपण धरून चालतो. तसेच 'सेविका'. शिपाई, कारकून, तलाठी यांना कोणी सेवक म्हणून संबोधत नाही; ते कर्मचारी. वैजिणीला लुगडे देणारे माझे आजोबा आणि आशाताईला मानधन देणारे शासन यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

आता केरीकडे वळतो. आशा योजना देशभर पसरली, ती गोव्याने स्वीकारली नाही. त्याची कारणे समजण्याजोगी आहेत. राज्य लहान, केंद्रे जवळ, परिचारिका आणि अंगणवाडीताई आहेत, आणि बहुतेक बाळंतपणे रुग्णालयातच होतात. २०२० साली देशात हजारी २८ बालके दगावत असताना गोव्यात हा आकडा पाचाच्या आसपास होता. याचा अभिमान वाटला पाहिजे. तरीही सरासरी हा फसवा शब्द आहे. फेरीने पलीकडे जाऊन तेरेखोल ओलांडले की रेडीत आशाताई आहे. कोणाचा रक्तदाब वाढला, कोणत्या सुनेने तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवले नाही, हे तिला कोणी न सांगता कळते. अलीकडे आपले केंद्र अधिक सुसज्ज आहे, परंतु तेथे जावे लागते. जो जात नाही, त्याच्याकडे कोण येते? पावसाळ्यानंतर बांधकामावर परप्रांतातून आलेली कुटुंबे. मुले परदेशी, आणि घरात मधुमेही आईवडील एकटे. दारूपायी कामधंदा सुटलेला कर्ता माणूस. आपल्या सरासरीत ही माणसे दिसत नाहीत.

गोव्याला हे अपरिचित आहे असेही नाही. 'संगत' या संस्थेशी निगडित डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मानस' नावाचा प्रयोग गोव्यातच केला. नैराश्य आणि चिंताविकार यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ पुरेसे नाहीत. तेव्हा वैद्यकाचे कोणतेही शिक्षण नसलेल्या स्थानिक पदवीधर स्त्रियांना दोन महिने शिकवून आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवले. २०१० मध्ये निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेले रुग्ण त्यांच्या मदतीने शंभरांत ६६ होते, त्यांच्याविना ४२. खाजगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. ज्यांना सरकारी केंद्रावाचून दुसरे दार नाही, त्यांनाच ऐकून घेणाऱ्या बाईचा उपयोग झाला. जगभर या प्रयोगाचे दाखले दिले जातात. आपण पेडण्यात त्याविषयी किती बोललो?

शाळेला एक विनंती करून थांबतो. केरी, तेरेखोल, पालये या परिसरात ज्या वैजिणी होऊन गेल्या, ज्या परिचारिका नदी ओलांडून पायी फिरल्या, ज्या अंगणवाडीताईंनी तीस-तीस वर्षे मुलांची वजने घेतली, त्यांची नावे माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी विचारून एका वहीत लिहून काढावीत. आमच्या वैजिणीचे नाव मी पुष्कळ विचारले. माझ्या आईला ते आठवत होते, परंतु तेव्हा मी विचारले नाही.