सतरंजीपुरा, मोमिनपुरा आणि रक्तातला प्लाझ्मा

नागपूरची इतवारी म्हणजे विदर्भाची घाऊक बाजारपेठ. किराणा, धान्य, कापड, सराफा असे सगळे व्यापार इथल्या अरुंद ओळींमध्ये दाटीवाटीने चालतात. या बाजाराच्या आसपास सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा आहे. मोमिनपुऱ्याच्या नावातच तिथल्या विणकरांची ओळख आहे. एप्रिल २०२०मध्ये ही दोन्ही नावे राज्यभरातील बातम्यांत झळकली, ती मात्र कोरोनाचे ‘हॉटस्पॉट’ म्हणून. वस्त्या सील झाल्या, शेकडो लोकांना घरातून उचलून विलगीकरणात ठेवण्यात आले.

दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी नुकतीच येऊन गेली होती. टीव्हीवर विषाणूला दाढी-टोपी चढवण्यात आली. भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेणे सुरू झाले. त्याच महिन्यात दिल्लीत बरे झालेले तबलीगी रक्तपेढीसमोर उभे होते. कारण डॉक्टरांना त्यांच्या रक्तातला एक घटक हवा होता, प्लाझ्मा.

हा प्लाझ्मा आहे तरी काय? प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते. त्यातील ५५ टक्के भाग म्हणजे हा फिकट पिवळा द्रव. लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बाजूला केल्या की तो उरतो. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. सात-आठ टक्के प्रथिने, आणि बाकी क्षार, साखर, हार्मोन, युरियासारखी टाकाऊ द्रव्ये. म्हणजे शरीराचा किराणा वाहून नेणारा आणि कचरा उचलणारा हमाल एकच.

खरी करामत प्रथिनांची. यकृतात तयार होणारे अल्ब्युमिन पाण्याला रक्तवाहिन्यांत धरून ठेवते; ते कमी झाले की अंगावर सूज येते. फायब्रिनोजेन जखमेवर जाळे विणून रक्त गोठवते. ग्लोब्युलिन गटात अँटिबॉडी असतात. शरीराने एखाद्या रोगाशी लढा दिला की त्याची आठवण या अँटिबॉडीच्या रूपाने प्लाझ्मात शिल्लक राहते. गोठण्याचे घटक काढून टाकले की उरते त्याला सीरम म्हणतात.

युनानी वैद्यकात दम, बलगम, सफरा आणि सौदा असे चार ‘अखलात’ मानले जातात. भांड्यात काढून ठेवलेल्या रक्ताचे थर पाहूनच प्राचीन ग्रीक वैद्यांना ही कल्पना सुचली असावी आणि वरचा पिवळा थर म्हणजे त्यांचे पित्त, असे काही अभ्यासक मानतात. त्या थराचा औषध म्हणून उपयोग मात्र १८९०मध्ये पुढे आला. बेरिंग आणि किटासाटो यांनी रोगाला तोंड दिलेल्या प्राण्याचे सीरम दुसऱ्या प्राण्याला देऊन धनुर्वात आणि घटसर्प रोखता येतात, हे दाखवले.

ही उपचारपद्धती महाराष्ट्रात फार लवकर आली. मार्च १८९७मध्ये अलेक्झांडर येर्सें घोड्यांच्या रक्तापासून बनवलेले सीरम घेऊन प्लेगग्रस्त मुंबईत उतरले. निकाल निराशाजनक ठरला. त्याच शहरात वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. लोक लसीला घाबरत होते, तेव्हा तिसऱ्या आगाखानांनी जाहीरपणे ती टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुशरू लॉज ही वास्तू दिली.

मात्र सरकारी दंडुक्याचा अनुभव वेगळा होता. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातील जुलाहा विणकरांच्या घरातून एका आजारी मुलीला नेण्याचा प्रयत्न झाला आणि मुंबईत दंगल पेटली. इतिहासात तिची नोंद अडाणी जमावाचा उद्रेक अशी झाली. घरात शिरून बाई-माणसाला उचलून नेण्याची भीती कुणी समजून घेतली नाही.

प्लाझ्माच्या इतिहासात भेदभावाचा आणखी एक धडा आहे. १९४०मध्ये डॉ. चार्ल्स ड्र्यू या कृष्णवर्णीय अमेरिकन डॉक्टरने युद्धग्रस्त ब्रिटनसाठी प्लाझ्मा गोळा करून पाठवण्याची मोहीम उभी केली. परंतु अमेरिकन रेड क्रॉसने कृष्णवर्णीयांचे रक्त आधी नाकारले, नंतर वेगळे साठवले. ही पद्धत १९५०पर्यंत चालली. विज्ञानाला त्या रक्तात काहीच वेगळे सापडत नव्हते, हे ड्र्यू स्वतः सांगत होते.

आता पुन्हा नागपूर. २९ जून २०२० रोजी राज्य सरकारने ‘प्लॅटिना’ ही प्लाझ्मा चाचणी सुरू केली आणि नागपूरचे मेडिकल तिच्या केंद्रस्थानी होते. त्याच काळात आयसीएमआरची ‘प्लॅसिड’ चाचणी ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर झाली. ऑक्टोबर २०२०मध्ये निष्कर्ष छापून आला : प्लाझ्मा दिल्याने मृत्यू कमी झाले नाहीत, आजार बळावणेही थांबले नाही. ब्रिटनमध्ये अकरा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीनेही तेच सांगितले. अखेर १७ मे २०२१ रोजी हा उपचार देशाच्या मार्गदर्शक सूचनांतून वगळण्यात आला.

दरम्यान, २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचे निरीक्षण नोंदवले. पुढच्याच महिन्यात नागपूर खंडपीठाने म्यानमारच्या आठ नागरिकांवरचा गुन्हा रद्द केला. अटकेच्या बातम्या पहिल्या पानावर होत्या. निकालांना मिळालेली जागा वाचकांना आठवत असेलच.

प्लाझ्मा देणाऱ्यांच्या कहाण्या तेव्हा समाजमाध्यमांवर अभिमानाने फिरवल्या गेल्या. ‘बघा, आम्ही जीव वाचवतोय’ असे त्यातून सांगायचे होते. त्या दात्यांच्या नियतीबद्दल आदरच आहे. पण ‘आम्ही उपयोगी आहोत, म्हणून आम्हाला माणूस समजा’ हा युक्तिवाद धोक्याचा आहे. उपचार निरुपयोगी ठरला. मग त्या दात्यांची माणुसकीही रद्द झाली का? नागरिकाची प्रतिष्ठा त्याच्या रक्तातील अँटिबॉडीवर अवलंबून असू शकत नाही. ती संविधानाने आधीच दिलेली आहे, तिच्यासाठी रक्तपेढीची पावती दाखवायची गरज नाही.

रक्तदान करावे, ते वेगळ्या कारणासाठी. भाजलेल्या रुग्णाला अल्ब्युमिन लागते, हिमोफिलियाच्या मुलाला गोठण्याचा घटक लागतो. उणे १८ अंशांखाली प्लाझ्मा वर्षभर टिकतो. पिशवीवर रक्तगट लिहिलेला असतो, मोहल्ला नाही. मोमिनपुऱ्याला लागूनच मेयो रुग्णालय आहे. तिथे गरज विषाणूच्या साथीपुरती नसते, रोजची असते.